समुद्रसपाटीपासून ७३२ मीटर

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘माथा’ हा विषय काढला. त्यांच्या मनात काय असणार ते उघड होते : हरिश्चंद्रगड, साल्हेर, नाहीतर कळसूबाई. मी म्हटले, अंदमानला जाते. फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग प्रश्न आला, “तिकडे कुठला माथा? तिकडे तर नुसते बीच.”

यात संपादकांचा दोष नाही. मराठी माणसाची अंदमानची सहल ठरलेली असते. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम. मग हॅवलॉक, नील, काचेच्या तळाच्या बोटीतून पाहिलेले प्रवाळ, आणि शिंपल्यांच्या वस्तूंनी फुगलेली पिशवी घेऊन परतीचे विमान. पण विमान उतरताना खिडकीशी बसलेल्याला दिसते ते वेगळेच. किनाऱ्याची पांढरी रेघ अगदी बारीक, आणि तिच्या आत जिकडे पाहावे तिकडे काळ्या-हिरव्या डोंगरांच्या वळ्या. म्यानमारमधली अराकान योमा ही डोंगररांग दक्षिणेकडे सरकताना समुद्रात बुडते. तिचे जे भाग पाण्याच्या वर राहिले, त्यांना आपण अंदमान म्हणतो. एका अर्थाने अंदमानात उतरणारा प्रत्येक पर्यटक डोंगरावरच उतरतो, फक्त पाहतो समुद्राकडे.

या सगळ्यांत उंच माथा उत्तर अंदमानात आहे. नाव सॅडल पीक, उंची ७३२ मीटर. आकडा सांगितल्यावर माझ्या गडकरी मित्रांनी नाक मुरडले. कळसूबाई १६४६ मीटर, सिंहगडसुद्धा तेराशेच्या घरात; हे काय, टेकडी! पण कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव मुळातच साताआठशे मीटरवर आहे. आतकरवाडीतून सिंहगड चढताना आपण प्रत्यक्षात सहाशे-एक मीटर चढतो. ‘समुद्रसपाटीपासून’ हे शब्द आपल्याकडे माहितीफलकावर असतात, पायांना त्यांचा अनुभव येत नाही. सॅडल पीकची वाट मात्र भरतीच्या रेषेवर सुरू होते. पहिल्याच टप्प्यात बुटात खारे पाणी शिरते, आणि तिथून सातशे बत्तीसच्या सातशे बत्तीस मीटर आपल्या गुडघ्यांच्या खात्यावर पडतात.

जेलसमोरचा डोंगर

उत्तरेला निघण्याआधी आम्ही आणखी एक डोंगर पाहून घेतला, कारण तो सेल्युलर जेलच्या समोरच, खाडीपलीकडे आहे. जेल पाहायला आलेले शेकडो लोक त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात. चॅथमच्या धक्क्यावरून फेरीबोटीने काही मिनिटांत बांबू फ्लॅटला पोचायचे आणि तिथून गाडीने वर जायचे. जुने नाव माउंट हॅरिएट. २०२१मध्ये ते माउंट मणिपूर झाले, कारण १८९१च्या अँग्लो-मणिपूर युद्धानंतर महाराजा कुलचंद्र सिंह आणि त्यांच्या साथीदारांना इंग्रजांनी इथे कैदेत ठेवले होते. जुन्या लालसर वीस रुपयांच्या नोटेमागे माडांच्या पलीकडे समुद्र आणि दीपगृह असे चित्र असायचे. ते याच डोंगरावरून दिसणारे दृश्य. आयुष्यभर खिशात बाळगलेले ते चित्र कुठले आहे, याचा पत्ता आमच्या चौघांपैकी तिघांना नव्हता.

या डोंगराने हिंदुस्थानचा इतिहास एकदा फार जोरात हलवला आहे. ८ फेब्रुवारी १८७२ला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो अंदमानची कैदी वसाहत पाहायला आला होता. दिवसभराची पाहणी संपल्यावर त्याच्या मनात आले की हॅरिएटचा माथा आरोग्यधामासाठी बरा आहे का ते पाहावे, आणि सूर्यास्तही पाहावा. तो वर गेला, सूर्यास्त पाहिला, आणि मशालींच्या उजेडात खाली होपटाउनच्या धक्क्यावर आला. तिथे शेर अली आफ्रिदी या पठाण कैद्याने त्याला भोसकले. पदावर असताना मारला गेलेला हा एकमेव व्हाइसरॉय. शेर अलीला पुढच्याच महिन्यात व्हायपर बेटावर फाशी दिली. आम्ही वर उभे असताना एक गाइड आपल्या गटाला हीच गोष्ट सांगत होता आणि ती ऐकून सगळे खालच्या धक्क्याकडे बोटे दाखवत होते. त्यानंतर कोणीतरी विचारले, “इथे चहा मिळतो का?” 

इथे गाडी थेट वर जाते, म्हणून हा डोंगर चढण्याचा विषय नाही. मात्र माथ्यावरून काळा पत्थरपर्यंत आणि पुढे मधुबनच्या दिशेला जंगलातून पायवाट जाते. तिच्यावर अर्धा तास चाललात तरी अंदमानच्या झाडांची उंची म्हणजे काय ते मानेला कळते. उत्तरेच्या तयारीसाठी तेवढे पुरले.

उत्तरेचा रस्ता

राजधानीपासून दिगलीपूर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. (पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४मध्ये श्री विजयपुरम झाले. बसच्या वाहकाच्या तोंडी अजून ‘पोर्ट ब्लेअर’च आहे.) बस पहाटे अंधारात निघते, कारण जिरकाटांगच्या नाक्यावर वाहनांचा तांडा जमतो आणि तो ठरलेल्या वेळीच सुटतो. तिथून पुढे जारवा या आदिवासींचे राखीव जंगल. गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचे नाही, अशा पाट्या आणि पोलीस. १९५६च्या कायद्याने हा प्रदेश त्यांचा. २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेखर सिंह आयोगाच्या अहवालावरून हा रस्ता या भागापुरता बंद करायला सांगितले होते. रस्ता चालूच आहे. बसमधले अनेक जण खिडकीला चिकटून ‘दिसतात का’ म्हणून पाहत होते. माझे स्पष्ट मत असे की या रस्त्यावरून गेल्याशिवाय उत्तरेला जाता येण्याची सोय नियमित जहाजांनी व्हायला हवी, आणि ती होईपर्यंत निदान आपण तरी खिडकीला चिकटू नये.

बाराटांगची खाडी फेरीने ओलांडली की पुढे रंगत, मायाबंदर. या रस्त्याच्या दुतर्फा जी माणसे भेटतात, त्यांतली बरीच जंगलासाठीच इथे आणली गेली. झाडे तोडायला १९१८पासून छोटा नागपूरचे आदिवासी मजूर रांचीमार्गे आणले. त्यांचे नातूपणतू आजही ‘रांची’ म्हणूनच ओळखले जातात. मायाबंदरजवळच्या वेबी गावात ब्रह्मदेशातून १९२५मध्ये आणलेले करेन आहेत, तेही वनखात्याच्या कामासाठीच. फाळणीनंतर पूर्व बंगालचे निर्वासित आले. त्यांना भातासाठी सपाट जमीन आणि घर-बागेसाठी टेकडीचा तुकडा मिळाला, आणि दोन्हींवरचे जंगल साफ करायचे काम त्यांच्याच गळ्यात पडले. दिगलीपूर परिसरातल्या गावांची नावे वाचली की रामायण आणि बंगाल यांची सरमिसळ दिसते : रामनगर, सीतानगर, कालीघाट, किशोरीनगर, सुभाषग्राम. बाजारात बंगाली चालते, दोन अनोळखी माणसे मात्र अंदमानी हिंदीत बोलतात.

कालीपूरला आम्ही ज्या मासींकडे उतरलो त्यांचे सासरे खुलन्याहून आले होते. घरामागे सुपारी, पुढे भात, आणि भाताच्या पलीकडे, सगळे आकाश अडवून, तो डोंगर. समुद्रातून पाहिला तर दोन उंचवटे आणि मध्ये खोलगट भाग असा दिसतो. दर्यावर्दींनी त्यावरूनच खोगिराचे नाव दिले. मासींना त्याच्या आकाराचे काही नव्हते. त्या म्हणाल्या, “आम्ही तो सकाळी एकदा बघतो. डोक्यावर ढग असला तर भाताला पाणी आहे. ढग नसला तर पंपाचे बघा.” मासी स्वतः कधी वर गेल्या होत्या का? त्या हसल्या. “वर काय आहे?”

लामिया बे

कालीपूरचा किनारा कासवांसाठी प्रसिद्ध आहे. ऑलिव्ह रिडले, हिरवे कासव, हॉक्सबिल आणि सगळ्यांत मोठे लेदरबॅक अशा चार जाती इथे अंडी घालायला येतात. थंडीच्या महिन्यांत वनखात्याची माणसे रात्रभर वाळू तुडवत फिरतात, अंडी कुंपणातल्या हॅचरीत नेऊन पुरतात आणि पिल्ले निघाली की समुद्रात सोडतात. कोकणातल्या वेळासला कासवे पाहायला जाऊन आलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

इथून थोडे दक्षिणेला लामिया बे. तिथे सॅडल पीक राष्ट्रीय उद्यानाची चौकी आहे. नाव, वय, गाव, सोबत कोण, हे सगळे रजिस्टरमध्ये लिहायचे, तिकीट घ्यायचे, आणि उजाडता उजाडता निघून अंधाराच्या आत परत यायचे. वनरक्षकाने आमच्या गावापुढे ‘पुणे’ वाचले आणि मान हलवली. “पुण्याचे लोक पटापट जातात,” तो म्हणाला, “मग उतरताना बसतात.” हे कौतुक नव्हते. 

आमच्याबरोबर आलेला वाटाड्या रांची समाजातला, तिशीचा. आजोबा कुऱ्हाडीवर, वडील लाकूड ओढणाऱ्या हत्तीवर, आणि हा मोसमात कासवांच्या कामावर आणि एरवी आमच्यासारख्यांबरोबर. एका जंगलाशी तीन पिढ्यांचे नाते कसे बदलले ते त्याच्या घरातच पाहता येते. तो आम्हाला ‘दीदी’, ‘भैया’ म्हणे आणि स्वतः रबरी चपला घालून चढे.

एकूण वाट एका बाजूने साधारण आठ किलोमीटरची. तिचा निम्मा भाग समुद्राच्या कडेने जातो, आणि फसगत होते ती इथेच. सपाट वाट आहे म्हणून माणूस रमतगमत चालतो. कधी वाळू, कधी गुळगुळीत गोटे, कधी किनाऱ्याला लागून झाडीतून. वाळूच्या कडेला केवड्याची बने, बदामाची पसरट झाडे, आणि वाकून पाण्यावर आलेली उंडी. कोकणात जिच्या बियांचे तेल दिव्याला आणि होडीला वापरत, तीच ही. तिच्या शेजारी समुद्री मोहा, ज्याचे लाकूड इतके जड की इंग्रजांनी त्याला बंदुकीच्या गोळीचे नाव ठेवले. एका खाडीच्या तोंडाशी मगरीची सूचना देणारी पाटी होती. इथल्या मगरी खाऱ्या पाण्यातल्या, समुद्रात पोहणाऱ्या. वाटाड्याने तिथे आधी ओहोटी किती आहे ते पाहिले, मग दोन्ही बाजू नीट न्याहाळल्या, मग आम्हाला एकत्र पलीकडे नेले. घाई करणाऱ्या आमच्या एका मित्राला त्याने हाताला धरून मागे ओढले. तोंडाने काही बोलला नाही.

मग एक ओढा येतो. गोड्या पाण्याचा. इथे सगळे थांबतात, बाटल्या भरतात, आणि वाट समुद्राकडे पाठ फिरवते.

चढ

सह्याद्रीत आपण जंगलातून निघतो आणि उघड्यावर पोचतो. खाली झाडी, मध्ये कातळ, वर गवत आणि वारा. वाटेत कोरीव पायऱ्या लागतात, पाण्याचे टाके लागते, शेंदूर लावलेला देव लागतो. कुणीतरी आपल्या आधी शेकडो वर्षे इथे राहिले आहे याची खूण सतत दिसत राहते. इथे तसले काहीही नाही. गड नाही, टाके नाही, देऊळ नाही. जंगल पायथ्याला सुरू होते आणि माथ्यावरही संपत नाही. चढताना पुढे काय आहे ते दिसत नाही, मागे काय सोडले तेही दिसत नाही. वारा तर अजिबात नाही. पहिल्या तासाभरात कपडे इतके भिजले की पाऊस पडून गेला असता तरी फरक कळला नसता.

खालच्या टप्प्यात गर्जन आणि पडौक. गर्जनाचे खोड सरळ वर जाते, पहिली फांदी दिसायला मान मागे टाकावी लागते. जमिनीत माती पातळ असल्याने मुळे खोल जाण्याऐवजी बुंध्याच्या चहूबाजूंनी उभ्या भिंतींसारखी वाढतात. अशा दोन मुळांमध्ये आम्ही चौघे पाठ टेकून बसलो तरी जागा उरली. पडौक हा अंदमानचा राज्यवृक्ष, लाल लाकडाचा. हे लाकूड इतके मौल्यवान की १८८३मध्ये चॅथम बेटावर त्यासाठी सरकारी आरागिरणी निघाली. उत्तर अंदमानची जंगले १९५०च्या दशकात एका खासगी लाकूड कंपनीला तोडायला दिली होती. ती बुडाली तेव्हा तिने आपले हत्ती पश्चिमेच्या इंटरव्ह्यू बेटावर सोडून दिले आणि ते रानटी झाले. वाटाड्याचे वडील ज्या हत्तींवर बसले ते सरकारी होते. “बाबा सांगायचे, हत्ती उतारावरून ओंडका ओढायला नाही म्हणायचा,” तो म्हणाला. “उताराला माणूस घाई करतो, हत्ती करत नाही.” मग आमच्या गुडघ्यांकडे त्याने पाहिले.

जनावरांची भीती फारशी बाळगायला नको. अंदमानात वाघ, बिबट्या, कोल्हा यांपैकी काही नाही, माकडेसुद्धा नाहीत. समुद्र ओलांडून मोठी जनावरे इथवर आलीच नाहीत. मूळचे मोठे जनावर म्हणजे रानडुक्कर. चितळ दिसतात, पण ते इंग्रजांनी शिकारीसाठी आणून सोडलेले. खाणारा कोणी नाही म्हणून त्यांची बेसुमार वाढ झाली, आणि नव्या झाडांचे कोंब ते खाऊन टाकतात. हरीण पाहून आनंद व्हावा ही आपली सवय. इथे वनरक्षकाला होत नाही. साप आहेत, अंदमानचा स्वतःचा नाग आहे, मण्यार आहे. म्हणून हात कुठे टेकायचा ते पाहूनच टेकायचा. पावसात जळवा. अंदमानला दोन्ही मोसमी पाऊस मिळतात, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, मेपासून डिसेंबरपर्यंत. चढाईसाठी त्यामुळे उरतात ते थोडे कोरडे महिने.

पक्षी मात्र ऐकू येतात. ऐकूच येतात, दिसत नाहीत. अंदमानचा काळा सुतारपक्षी खोड ठोकत होता तो आवाज आमच्याबरोबर बराच वेळ चढला. एकदा पानांच्या फटीतून अंदमानी सर्पगरुड दिसला, आपल्याकडच्यापेक्षा गडद. हे पक्षी जगात फक्त इथेच आहेत. बेटावर अडकलेली जात हळूहळू वेगळी होत जाते, हे पुस्तकात वाचलेले वाक्य इथे फांदीवर बसलेले असते.

शेवटचा टप्पा खडा आहे. इथे झाडे बुटकी होतात, खोडांवर शेवाळ चढते, वेत आणि बांबू वाटेत घुसतात. वनस्पतितज्ज्ञांनी अंदमानच्या डोंगरमाथ्यांवरच्या जंगलाचा हा वेगळा प्रकारच मानला आहे, आणि त्यात नागकेशरही येते. पायाखालचा दगडही आपल्या ओळखीचा नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे ज्वालामुखीतून ओसंडलेला लाव्हा. सॅडल पीकच्या परिसरातला गडद, हिरवट खडक सागरतळाचा आणि त्याच्याही खालचा. भारताचे भूकवच पूर्वेकडे खाली सरकताना समुद्राचा तळ खरवडला गेला आणि त्याचे तुकडे वर ढकलले गेले. म्हणजे अंदमानात सगळ्यांत वर उभे राहिलात की पायाखाली जे असते ते एकेकाळी सगळ्यांत खाली होते.

माथ्यावर ढग होता. झाडांच्या फटींतून पूर्वेचा समुद्र क्षणभर उघडला, बंद झाला. स्वच्छ हवेत इथून बरेच दिसू शकते. सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरच्या नारकोंडम बेटाचा ज्वालामुखीही ७१० मीटर उंच आहे, तेव्हा गणिताने तो क्षितिजाच्या वर येतो. आम्हाला गणितावरच समाधान मानावे लागले. एक मित्र म्हणाला, “एवढे चढून काही दिसलेच नाही.” वाटाड्याने डबा उघडला. त्याच्या दृष्टीने ढग असणे हे चांगलेच होते.

पुलुगाचे घर

उत्तर अंदमानात बंगाली, रांची, करेन, तेलुगू, तमिळ सगळे भेटतात. ज्यांचा हा डोंगर होता ते भेटत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एडवर्ड होरेस मॅन या इंग्रज अधिकाऱ्याने ग्रेट अंदमानी लोकांच्या कथा टिपून ठेवल्या. त्यांत पुलुगा नावाचा आदिदेव आहे. वादळ त्याचे, वीज त्याची, आणि त्याचे घर सॅडल पीकच्या माथ्यावर. महापुरात सगळ्या चुली विझल्या तेव्हा पुलुगाच्या चुलीतून निखारा चोरायला एक खंड्या गेला, अशीही कथा त्यांत आहे. मासी सकाळी ज्या ढगाकडे पाहून पंपाचा विचार करतात, तोच ढग.

पहिल्या इंग्रज वसाहतीनेही हाच परिसर निवडला होता. १७९२मध्ये वसाहत दक्षिणेतून हलवून उत्तर अंदमानच्या ईशान्य किनाऱ्यावर, पोर्ट कॉर्नवॉलिसला आणली. बंदर उत्तम, हवा घातक. तापाने माणसे मरत राहिली आणि १७९६मध्ये गाशा गुंडाळला. १८५८मध्ये कैदी वसाहत नव्याने सुरू झाली ती दक्षिणेला. मात्र त्यानंतर उलट झाले. इंग्रजांबरोबर आलेल्या गोवर, सिफिलिस यांसारख्या रोगांनी अंदमानी टोळ्या संपवत आणल्या. उत्तरेच्या चार-पाच टोळ्यांतून उरलेल्या मूठभर माणसांना सरकारने १९७०च्या सुमारास दूर स्ट्रेट बेटावर नेऊन वसवले. आज ग्रेट अंदमानी पन्नासच्या आसपास आहेत. भाषातज्ज्ञ अन्विता अब्बी यांनी त्यांच्या भाषांचे जे उरले ते नोंदवले. त्यांपैकी ‘बो’ ही भाषा बोलणारी शेवटची बाई, बोआ सीनियर, जानेवारी २०१० मध्ये वारली. 

डोंगराचे पाणी

आता मासींच्या प्रश्नाकडे. वर काय आहे?

वर पाणी आहे. बेटावर नदी ही चैनीची गोष्ट. डोंगर किनाऱ्याला इतके जवळ की पडलेला पाऊस तासाभरात समुद्राला मिळतो. तो अडवायला तीनच गोष्टी आहेत : झाड, पालापाचोळा आणि शेवाळ. सॅडल पीकच्या उतारांवरचे जंगल ढगातला ओलावा खाली पाझरवते आणि त्यातून कालपोंग नदी निघते. ही नदी दिगलीपूरची भातशेती भिजवते, आणि तिच्यावर ५.२५ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे, २००१पासून चालणारा, अंदमान-निकोबारमधला पहिला. आकडा किरकोळ वाटेल. पण या द्वीपसमूहाची वीज प्रामुख्याने डिझेलच्या जनरेटरवर चालते आणि ते डिझेल मुख्य भूमीवरून जहाजाने येते. हजार किलोमीटर समुद्र ओलांडून आलेल्या इंधनाशेजारी हा एक डोंगर फुकट वीज देतो आहे. तिकडे राजधानीत उन्हाळ्यात धनीखारी धरण आटले की नळाला दिवसाआड पाणी.

म्हणून माझ्या मित्राला जे ‘काही दिसले नाही’ तेच मुळात पाहण्यासारखे होते. माथा ढगात असणे हे डोंगराचे काम आहे. झाडे गेली तर ढग येतीलही, पण पाणी थांबणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२च्या त्याच निकालात अंदमानातल्या वृक्षतोडीला मोठा लगाम घातला, त्याचा फायदा या उताराला मिळाला.

झाडांखालची जमीन मात्र कोणाच्या हुकमात नाही. दिगलीपूरला २००२च्या सप्टेंबरात ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. २६ डिसेंबर २००४च्या महाभूकंपात अंदमानचे उत्तर टोक वर उचलले गेले. पश्चिम किनाऱ्यावरचे प्रवाळ मीटरभर पाण्याबाहेर येऊन उन्हात मेले. त्याच दिवशी निकोबारचे दक्षिण टोक चार मीटरहून जास्त खाली गेले आणि इंदिरा पॉइंटचे दीपगृह समुद्रात उभे राहिले. समुद्रसपाटीपासूनची उंची हा आकडा इथे कायमचा मानू नये, एवढेच.

दुसरा डोंगर

द्वीपसमूहात आणखी एक मोठा माथा आहे, ग्रेट निकोबारमधला माउंट थुलियर, ६४२ मीटर. तिथे पर्यटक म्हणून जाताच येत नाही. गॅलाथिया नदी त्या डोंगरांतून निघून ज्या उपसागराला मिळते, तिथे लेदरबॅक कासवे अंडी घालतात. नेमके तिथेच मालवाहू जहाजांचे मोठे बंदर, जोडीला विमानतळ, वीजकेंद्र आणि नवे शहर उभारायचे ठरले आहे. २०२२मध्ये पर्यावरणीय मंजुरीही मिळाली. त्यासाठी १३० चौरस किलोमीटर जंगल वळते होणार, आणि भरपाईची लागवड हरियाणात करायची योजना आहे. हरियाणातल्या झाडांनी ग्रेट निकोबारच्या ढगांचे पाणी कसे अडवावे, हे मला कोणी समजावून सांगितले तर मी ऐकायला तयार आहे. बंदराच्या बाजूने सामरिक कारणे दिली जातात, ती मी हलकी मानत नाही. पण कालपोंगच्या काठावर राहणाऱ्या कोणालाही विचारा, बेटावरचा डोंगर बोडका करणे म्हणजे काय ते त्याला सांगावे लागत नाही.

सॅडल पीकवर गर्दी व्हावी असे मला वाटत नाही. सुदैवाने तशी शक्यताही कमी आहे. आठ किलोमीटर जा, आठ किलोमीटर या, आणि वर ढग पाहा, अशी सहल कोणती कंपनी विकेल? पण ज्यांना चढायची सवय आहे आणि अंदमानला जायचेच आहे, त्यांनी हॅवलॉकमधले दोन दिवस कमी करून उत्तरेला जावे. जानेवारी ते मार्च हे महिने बरे. वाटाड्या स्थानिकच घ्या, त्याला घासाघीस न करता पैसे द्या, आणि चौकीवर दिलेली परतीची वेळ पाळा. गुडघे दुखत असतील तर माउंट मणिपूरपुरते जा. जेल पाहिल्यावर तिथे जायला अर्धा दिवस पुरतो. आणि सॅडल पीकला निघालात तर किनारा संपतो तिथल्या ओढ्यावर दोन-दोन लिटर पाणी भरून घ्या. सगळ्या दिगलीपूरला पाणी देणाऱ्या या डोंगरावर पुढे वाटेत कुठेही पाणी मिळत नाही.